राजाच्या डोळ्यांत बघून

एम.ए.ला आम्हाला एक ग्रीक शोकांतिका होती. राजाचा हुकूम असतो की अमक्याच्या प्रेताला कुणी माती द्यायची नाही. मेलेल्याची बहीण तो हुकूम मोडते, पकडली जाते आणि राजाला तोंडावर सांगते, हो, मीच दिली. सर म्हणाले, हे वाचून कळणार नाही, करून बघा. अमरावतीच्या त्या वर्गात आम्ही बाकं भिंतीला सारली आणि बहीण नेमकी माझ्या वाट्याला आली.

अटी दोन. संवाद आपल्या घरच्या बोलीत बोलायचे आणि उत्तर देताना नजर राजावरून हलवायची नाही. राजा झालेला वर्गमित्र टेबलावर चढला. उरलेला वर्ग म्हणजे गावातली म्हातारी मंडळी, त्यांनी नुसतं कुजबुजायचं.

"तुले हुकूम माईत होता ना?"

"होता."

"मंग कावून मोडला?"

इथे माझी मान खाली जायची. दर वेळी. फरशीवरच्या भेगा मला पाठ झाल्या. म्हातारी मंडळी कुजबुजायचं सोडून फिदीफिदी हसू लागली. सर वैतागले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मला त्यांचा भयंकर राग आला. आडात काठोकाठ होतं, तेच वर येत नव्हतं.

दादानं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा बाबांनी घरात सांगून टाकलं होतं, त्याचं नाव काढायचं नाही, त्याच्याकडे कुणी जायचं नाही. तो अकोल्याला, आम्ही मूर्तिजापूरला. गाडीनं तासभरही लागत नाही. तरी भाऊबीज आली की आई मला अंगणात न्यायची आणि म्हणायची, "चंद्राले ओवाळ." भाऊ नसला की ओवाळतात, तसं. माझा तर धडधाकट भाऊ होता! पण मी मुकाट्यानं ती बारीकशी कोर ओवाळायचे आणि आत येऊन जेवायचे.

त्या तालमींनी माझं जेवण उडवलं. वर्ग सुटल्यावर बडनेऱ्याच्या फलाटावर घरच्या गाडीची वाट बघताना मी तेच संवाद पुटपुटायचे. एकदा शेजारच्या बाईनं घाबरून विचारलं, "काय झालं वं पोरी?" काय सांगणार होते तिला?

त्या भाऊबीजेला सकाळीच पिशवीत ताट, निरांजन आणि करंज्या भरल्या आणि अकोल्याची गाडी धरली. दादा पाटावर बसला. ओवाळताना वहिनीनंही ताटाला हात लावला. जेवताना दादा नोकरीचं बोलला, घरभाड्याचं बोलला, आईच्या गुडघ्याचं त्यानं विचारलं.

परतले तेव्हा बाबा फाटकातच उभे होते.

"कुठं गेली होती?"

"दादाकडं."

"तुले सांगतलं होतं ना?"

"सांगतलं होतं. तरी गेली."

माझी नजर त्यांच्यावरून हलली नाही. आता आरडाओरडा होणार म्हणून मी पाय रोवून उभी राहिले.

बाबांनी फाटकाची कडी उगाच लावली, पुन्हा काढली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "माह्याबद्दल काई इचारलं काय त्यानं?"

दादानं आईच्या गुडघ्यापासून अंगणातल्या लिंबापर्यंत सगळं विचारलं होतं. बाबांचं नाव त्यानं काढलं नव्हतं.

माझी मान खाली गेली.