खाली नाव जोडा

आमच्या चाकणच्या कंपनीतले डिस्पॅचचे काका प्रत्येक वाक्यानंतर "काय?" म्हणतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत.

कंपनीची बस आम्हाला हायवेच्या पलीकडे सोडते. ती गेटपाशी थांबावी म्हणून काकांनी एक मेल सुरू केला: खाली आपलं नाव जोडा आणि दहा जणांना पाठवा. तो माझ्याकडे तीनदा आला. प्रत्येक वेळी खालची नावं वेगळी होती.

मी फारशी बोलत नाही, पण कँटीनमध्ये विचारलं, "काका, हा मेल ॲडमिनच्या साहेबांना कोण पाठवणार?"

"समदीच पाठवत्यात की. काय?"

या वेळी मात्र ते थांबले.

"सगळे एकमेकांनाच पाठवतायत," मी म्हणाले.

चहा तसाच ठेवून ते उठले. दुसऱ्या दिवशी सगळ्या मेलमधली नावं एकत्र करून ते स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब "बघतो" म्हणाले.

बस अजून पलीकडेच थांबते. पण सकाळी उतरलो की काका सगळ्यांच्या आधी रस्त्यात जातात, येणाऱ्या कंटेनरसमोर हात आडवा धरतात आणि मागे न बघता म्हणतात, "चला मॅडम, बिगीबिगी. काय?"

मी आता दर वेळी "हो काका" म्हणते.