नवस फेडल्यानंतरची तपासणी

धसईहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरला भाजी निवडत बसले होते. "आत्या, बाबा गेले..." एवढंच बोलला. त्याला आता सात आठवडे झाले.

त्याचे बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. भातशेतीवर अख्ख्या गावाला सल्ले देणारा. स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र तोंडाला कुलूप. शौचातून रक्त जायचं, ते वर्षभर मूळव्याध म्हणून झाकलं. शेवटी मीच धरून नेलं. गुदाशयात कॅन्सरची गाठ निघाली. आधी रेडिएशन आणि गोळ्या, ऑपरेशन मागाहून, असं ठरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशनआधी गाठ उपचारांना किती दाद देते त्यावरून पुढचा अंदाज येतो. दादाच्या गाठीनं अशी दाद दिली की स्कॅनमध्ये, दुर्बिणीत काहीच दिसेना! अशा पेशंटचं बहुतेक चांगलं होतं, ऑपरेशन तूर्त थांबवू, म्हणजे पोटावर शौचाची पिशवी नको. पण गाठ तिथंच परत उगवू शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही. मी सगळं वहीत लिहून घेतलं. दादानं अर्धंच ऐकलं.

म्हसा गावच्या जत्रेत, बरं वाटावं म्हणून बोललेला नवस फेडला. दादा गुलालानं माखलेला, आल्यागेल्याला पेढे. पुढल्याच आठवड्यात तपासणी होती. तर म्हणतो कसा, नवस फेडल्यावर परत बघायला जायचं म्हणजे देवावर इस्वास नाय असं होतं. वहिनीनं मान डोलावली. आणि वहीत लिहून घेतलेली मी शहाणी मास्तरीण, गप्प बसले. इतक्या महिन्यांनी तो पोटभर जेवत होता हो... दुसरी तपासणी लग्नसराईत बुडाली. पावसात भाताच्या आवणीत पुन्हा रक्त दिसलं, तोवर आजार यकृतात पोचला होता.

दादानं देवाला बोल लावला नाही, डॉक्टरांनाही नाही. शेवटच्या महिन्यात मी उशाशी बसले होते.

"सुमे, शालंत सगल्या पोरांना ओरडायचीस. मला त्या दिवशी का नाय ओरडलीस?"

"तू खूश होतास रे."

"हं," म्हणाला आणि पाणी मागितलं.

परवा धसईला गेले होते. शेजारची एक बाई भेटायला आली, तिलाही हेच दुखणं. रिपोर्ट चांगला आलाय, आता तपासणी पोरीच्या लग्नानंतर बघू, म्हणाली. तिला मी ओटीवरच अशी झापली की बिचारी रडायला लागली. सोमवारी मीच घेऊन जाणार आहे तिला.

ती गेली. ओटीवर दादाची रिकामी खाट तेवढी होती. मग त्या खाटेकडे बघून दादालाही ओरडले, चांगली मोठ्यानं.

"दादा, ऊठ. कपडे कर. तपासणीला जायचंय."