चकचकीत कागद

बिनकाचेच्या मोठ्या फोटोसाठी स्टुडिओत माझ्या शेजारी एक बाई दोन कागदांवरून बोटं फिरवत होत्या. एक चकचकीत, दुसरा मॅट. स्टुडिओवाल्यानं हळूच विचारलं, "हार घालायचाय का?"

त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

"मग मॅटच घ्या, वहिनी. चकचकीतमध्ये बघणाऱ्याचंच तोंड दिसतं."

मी लहान असताना, माझ्या मोठ्या बहिणीच्या फोटोच्या वेळी त्यानं मलाही हेच सांगितलं होतं. पण मला ताईचे डोळे चमकायला हवे होते, म्हणून मी हट्टानं चकचकीत घेतला. तेव्हापासून हार बदलताना तिच्या चेहऱ्यावर माझा लहान चेहरा यायचा. ती तिथेच थांबली, मी मात्र वाढत गेले. यंदा मी तिच्या वयाची झाले. आज सकाळी फोटोत एकच चेहरा दिसला, आणि हार कुणाला घालतेय तेच कळेना.