म्हशीच्या अलीकडे

मे महिन्यात नातवंडं घरात भांडून जीव खायला लागली, म्हणून मी उठले आणि दोघांना घेऊन शेणवे गावाजवळच्या नदीवर गेले. पाण्यात एक माणूस बसलेल्या म्हशीला पेंढ्याने घासत होता. आमच्याकडे न बघताच म्हणाला, "आये, म्हशीच्या पल्याड पोरांना सोडू नको गो."

"मला नदी शिकवतोस? याच पाण्यात वाढले मी."

त्याने काठी म्हशीपलीकडे उभी खुपसली. मुठीपर्यंत बुडाली, तरी तळ लागला नाही. "यंदा वाळू काढलीय," एवढंच बोलून तो पुन्हा घासायला लागला.

पोरं म्हशीच्या अलीकडे तासभर डुंबली. म्हैस केव्हाच धुऊन झाली होती, पण पोरं काठावर येईपर्यंत त्याने तिला उठवलं नाही.