सकाळची मोजणी

आमच्या वहिनीला लोक देवमाणूस म्हणतात. म्हणू देत. देवमाणसाबरोबर एका छपराखाली राहायचं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. मी तिची नणंद. आधी माझे हे गेले, मग माझा भाऊ गेला, भाचा आणि सून परगावी. उरलो आम्ही दोघी, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर.

वहिनीने इस्पितळाच्या धुलाईखात्यात चौतीस वर्षं काढली. शेवटी तिथली प्रमुख होती. निवृत्त झाल्यावर माणसं काय करतात? गुडघे चोळतात, टीव्ही बघतात. हिने लष्कराच्या भाकऱ्या भाजायला घेतल्या. आमच्यापासून दोन बसथांब्यांवर मुलींचं एक बालगृह आहे. अठरा पूर्ण झाली की तिथून बाहेर पडायचं, हातात एक पेटी आणि एक दाखला. परत घेत नाहीत. वहिनी सरळ तिथल्या बाईंना जाऊन म्हणाली, "शेवटच्या वर्षाच्या मुली दर रविवारी माझ्याकडे पाठवा. मी त्यांना घर शिकवते."

"घर ही काय शिकवायची गोष्ट आहे?" मी म्हटलं. "मला कुणी शिकवलं? बघत बघत आलं."

"त्यांनी कुठे बघायचं, वन्सं?"

मी कटकट करत फळीवरचे जास्तीचे कप उतरवले.

पहिल्या रविवारी चार जणी आल्या आणि जिन्यातच उभ्या राहिल्या. दार उघडं होतं, तरी कुणी "आत या" म्हणेपर्यंत एकीनेही उंबरा ओलांडला नाही. वहिनीने आधी काय शिकवलं असेल? किल्ली. त्या मुलींच्या हातात जन्मात कधी किल्ली आली नव्हती. एकेकीला बाहेर उभं करायचं, कुलूप लावायला सांगायचं, उघडायला सांगायचं, मग आत एकटीने कडी लावून पाव तास बसायचं. एक तर चौथ्या मिनिटाला रडत बाहेर आली. एवढी शांतता तिने कधी ऐकलीच नव्हती म्हणे. आणि आम्ही बाकीच्या जिन्यात उभ्या, वरून उतरणारे शेजारी विचारतायत, "किल्ली हरवली का?"

दुसरा धडा एकीपुरता स्वयंपाक. त्या मुली आळीपाळीने बालगृहाच्या स्वयंपाकघरात राबलेल्या, पण साठ जणींच्या हिशोबाने. एकीने आमच्याकडे "थोडासाच" भात लावला. मंगळवारपर्यंत आम्ही तो भात खात होतो. मी वहिनीला म्हटलं, तुझं समाजकार्य माझ्या पोटातून चाललंय.

त्या चौघींत एक होती, तिचं नाव मी ठेवलं होबाई. काही विचारा, उत्तर एकच, "हो बाई." चहा घेणार? हो बाई. की नको? हो बाई. हडकुळी, मोठ्या कानांची, काम मात्र असं नीटनेटकं की खोट काढायला जागा नाही. आणि खोट काढता आली नाही की माझं डोकं फिरतं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "तू गाढव आहेस का गं?" तर म्हणाली, "हो बाई." वहिनी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

"बाई नको म्हणू मला," मी तिला नंतर सांगितलं. "माझा भाचा मला आत्या म्हणतो. तूही म्हण."

"हो आत्या," ती म्हणाली. एवढीच काय ती प्रगती.

अठरा पूर्ण झाली तेव्हा वहिनीने शब्द टाकून तिला इस्पितळाच्या धुलाईखात्यात लावून दिलं. तिथला मुकादम वहिनीच्या हाताखाली शिकलेला. तीन महिने परीक्षेचे, पसंत पडली तर कायम. नोकरीबरोबर इस्पितळाच्या मागच्या चाळीत गच्चीवरची एक खोली. म्हणजे नोकरी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की जायचं कुठे, याला उत्तर नव्हतं. ते आम्हा तिघींनाही माहीत होतं.

सहा आठवडे छान गेले. सातव्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, मुकादमाचा फोन आला. वहिनीने स्पीकरवर टाकला.

"ताई, तुमची पोरगी तीन दिवस झाले, आलेली नाही. ना निरोप, ना फोन. चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिच्या जोडीदारणीबरोबर मी स्वतः उभा राहून घड्या घालतोय. खांदे गेले माझे. तुमच्याकडे बघून सांगतो, उद्या सकाळी आठच्या आत काही कळलं नाही, तर नाव कापतो."

"बघ," मी वहिनीला म्हटलं, "पालथ्या घड्यावर पाणी." बोलत बोलत मी चपला घातल्यासुद्धा.

गच्चीवर दोनच खोल्या. शेजारची नर्स रजेवर गेलेली, तिच्या दाराला कुलूप. होबाईच्या खोलीचं दार सताड उघडं. किल्लीचा धडा, पाव तास कडी लावून बसणं, सगळं पाण्यात गेलं असं वाटलं मला. आत बघते तर होबाई खाटेवर ताठ बसलेली. केस विंचरलेले, पांघरुणाची घडी, कामावरचे कपडे खुर्चीवर नीट ठेवलेले. आणि अंग असं तापलेलं की हात लावला तर चटका बसावा. फोन फळीवर होता, चांगला चालू होता.

"अगं, फोन का नाही केलास?" मी ओरडले.

"कुणाला?" ती म्हणाली.

"कुणाला म्हणजे? मुकादमाला! या तुझ्या काकूला! मला!"

तिने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. ओठ सुकून फुटले होते. "मी वाट बघत होते," ती म्हणाली. "दार उघडं ठेवलं होतं. मोजणीला कुणी आलंच नाही."

मला काही कळेना. वहिनी मात्र खाटेच्या कडेला तिच्याजवळ बसली. मग तिने मला समजावलं. बालगृहात रोज सकाळी बाई वही घेऊन खाटांमधून फिरायच्या. जी उठली नसेल तिच्या कपाळाला हात लावायचा, ताप असेल तर वहीत खूण करायची. खूण झाली की औषध यायचं, पेज यायची, शाळेत निरोप जायचा. आजारी पडलेल्या मुलीने काहीच करायचं नसायचं. नीट बसायचं आणि दार लावायचं नाही, एवढंच. अठरा वर्षं ही पोर तेच करत आली होती. इथेही तिने तेच केलं, आणि तीन दिवस तिला वाटत राहिलं की आपली मोजणी सुटली कशी.

"गॅस शिकवला, बँक शिकवली, अनोळखी माणसाला नाही म्हणायला शिकवलं," वहिनी पुटपुटली. "आणि आजारी आहे हे सांगायचं असतं, एवढं शिकवायचं राहिलं. चूक माझी आहे."

"सांगावं लागतं गं," मी होबाईला म्हटलं. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध..." आणि मी जीभ चावली. कुणापुढे काय बोलतेय! ती बिचारी म्हणाली, "हो आत्या."

रिक्षात घालून तिला घरी आणलं. वाटेत डॉक्टर, चिठ्ठी, गोळ्या. संध्याकाळी ताप उतरला, तिने वाटीभर मऊ भात खाल्ला. मग आम्हा नणंद-भावजयीची जुंपली.

"तू एक फोन कर आणि विषय संपव," मी म्हटलं. "मुकादम तुझा शब्द खाली पडू देणार नाही."

"नाही करणार."

"का? तोंड झिजतं का तुझं?"

"आज मी केला, तर पुढच्या तापाला कोण करणार? मी काय अमरपट्टा घेऊन आलेय? तिची नोकरी आहे, तीच बोलेल."

"आणि नाही बोलता आलं तर? जाईल ना रस्त्यावर! तुझ्या तत्त्वांवर झोपायला जागा देणार आहेस का तिला?"

वहिनीने सकाळी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. तिलाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा दिसलं. मग मीच म्हटलं, "बरं. निदान तालीम तरी करून घे." आणि मुकादम झाले मी. खुर्चीत पाय पसरून बसले, हातात पाणी प्यायचं भांडं फोन म्हणून.

"हं, कोण बोलतंय?" मी आवाज जाड केला.

"मी," होबाई म्हणाली.

"मी कोण? इथे छप्पन्न मी आहेत!"

तिने नाव सांगितलं. ताप होता म्हणाली. पुढे गाडी अडली.

"तीन दिवस कुठे उलथली होतीस? माझे खांदे गेले चादरी ओढून! मग काय, नाव कापू तुझं?"

"हो आत्या," ती म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. वहिनीने डोळे मिटले. पुन्हा केलं, पुन्हा "हो". पाचदा केलं. सहाव्यांदा मी इतकी ओरडले की शेजारीण विचारायला आली. वहिनी म्हणाली, "जरा हळू घ्या, वन्सं, मुकादम एवढा वाईट नाही."

"मला आयुष्यात पहिल्यांदा ओरडायची परवानगी मिळालीये," मी म्हटलं.

"तुम्हाला परवानगी कधीपासून लागायला लागली?"

आणि होबाई हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं. एक दात वाकडा आहे तिचा. "हे बघ," मी तिच्याजवळ सरकून म्हटलं, आता माझ्याच आवाजात, "तुला ते काम हवंय ना?"

"हो."

"मग हा हो त्याला सांग. आणि नाव कापू का म्हणाला, तर तिथे हो म्हणायचं नाही. हो कुठे खर्च करायचा ते आपण ठरवायचं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला तिने फोन लावला. स्पीकर चालू. मी पदराचं टोक दातांत धरलं होतं, नाहीतर मीच बोलले असते.

"साहेब, मला तीन दिवस ताप होता," ती म्हणाली. आवाज चिरका, पण आला. "कळवायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आहे."

"माहीत नव्हतं? हे काय कारण झालं? वही समोर उघडून बसलोय मी. कापू नाव?"

तिचे ओठ "हो"साठी गोल झालेले मला दिसले आणि मी पदर आणखी घट्ट चावला.

"नाही," ती म्हणाली. "नाही साहेब. कापू नका. मला हे काम हवंय."

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग मुकादम खाकरला. "बरं बरं. विश्रांती घे. सोमवारी ये चिठ्ठी घेऊन."

"सोमवारी नाही, शनिवारीच येते. ताप उतरलाय."

फोन ठेवल्यावर वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून ठेवला. भांडी कुठलीच घासायची नव्हती. मी विचारलं नाही, कारण माझंही नाक वाहत होतं.

होबाई कायम झाली. वहिनीच्या यादीत एक धडा वाढला. आता दर रविवारी मी मुकादम होते, आणि नव्या मुली मला घाबरतात, ते मला आवडतं.

मागच्या महिन्यात सूनबाईच्या बाळंतपणाला वहिनी परगावी गेली. जाताना आमच्या घराची दुसरी किल्ली होबाईला देऊन गेली, मला न विचारता. त्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला होबाईचा फोन. "आत्या, उठलात?"

"उठले नसते तर फोन कुणी उचलला असता, तुझ्या मुकादमाने?"

"बरं," म्हणायची आणि ठेवून द्यायची. मला वैताग आला होता. मी काय बालगृहात आहे?

आठव्या दिवशी सहा वाजता मी मोरीत घसरले. घोटा असा मुरगळला की उठता येईना. साडेसहाला बाहेरच्या खोलीत फोन वाजला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मग कितीतरी वेळाने कुलपात किल्ली फिरली. होबाई धावत आत आली, काखेत हात घालून मला उठवलं, खाटेवर बसवलं, पाय उशीवर ठेवला.

"कधीपासून पडला आहात? शेजारच्या काकूंना हाक का नाही मारलीत?"

एवढी तोंडाळ मी, आणि तासभर ओल्या फरशीवर गप्प बसून राहिले होते. "कशाला कुणाला त्रास," मी म्हटलं. "वाटलं, येईल कुणीतरी."

ती हसली नाही. माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "सांगावं लागतं, आत्या," ती म्हणाली, आणि तिने मुकादमाला फोन लावला.

"साहेब, मी आज उशिरा येईन. घरात आजारी माणूस आहे. तोवर माझ्या जोडीदारणीला दुसरं कुणी द्या." मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "माझी आत्या पडलीय," ती म्हणाली.

मुकादमाचा आवाज मला खाटेवरून ऐकू आला. "तुला कुठली आली गं आत्या?"

"आहे मला एक," होबाई म्हणाली. "फार ओरडते. पण आहे."