कच्च्या पपईच्या भरवशावर

नात स्वयंपाकघरात दार लोटून कच्ची पपई खात होती. मी पाणी घ्यायला आत गेले, तशी तिने ताटली ओढणीखाली सरकवली. पपईची आमच्याकडे भाजी होते, कोशिंबीर होते. पण मीठसुद्धा न लावता, डोळ्यांत पाणी आणून ती चावणारी बाई एकाच कारणासाठी चावते. मला पक्कं ठाऊक, कारण मीही चावली आहे.

तेव्हा मी दोन लेकरांची आई होते आणि अकलेने घरातलं तिसरं लेकरू. दिवस राहतील या धास्तीने गोठ्यात म्हशीच्या आड बसून पपई खाल्ली, वर तीळ-गुळाचा काढा प्याले. 'उष्ण पडतं, सगळं मोकळं होतं,' असं शेजारणीने सांगितलं होतं. माझ्यापेक्षा ती म्हैस शहाणी. तिने पपईला तोंड लावलं नाही.

"कधी?" मी विचारलं.

"परवा दुपारी." मग रडत एकदम सगळं बाहेर आलं. साखरपुडा झालेला, लग्न दिवाळीनंतर. मुलगा धुळ्याचा, ही धुळ्यातच खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करणारी, कालच जळगावला घरी आलेली. निरोध फाटला होता. मैदानी चाचणी तोंडावर आली होती. "आजी, दिवस राहिले तर धावू कशी? आणि पप्पा..."

"त्यावर गोळी असते ना गं?"

"ती दुसऱ्या दिवशी सकाळीच घ्यायची असते. वेळ गेली. आणि रूमवरची मैत्रीण म्हणाली, त्या गोळीने पुढे मूलच होत नाही. पपई बरी, घरगुती आहे."

"घरगुती तर आहेच. माझ्या पपईचा गुण बघायचाय? तो बघ, बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसलाय. तुझा बाप."

ती हसली नाही. मलाही आतून हसू येत नव्हतं. वेळ खरंच गेली होती का, ते मला तरी कुठे माहीत होतं? कोपऱ्यावरचा मेडिकलवाला तिच्या बापाच्या भिशीतला, तिथे विचारायची सोय नाही. म्हटलं, "चप्पल घाल. माझे गुडघे दुखतायत असं सांग घरात."

बायांच्या डॉक्टरणीकडे बाकावर बसतो न बसतो तोच समोरून हाक आली. नवऱ्या मुलाची मावशी! लेकीच्या बाळंतपणासाठी जळगावला आलेली.

"काय वं अक्का, काय व्हयनं? पोर बरी शे ना?"

प्रश्न मला होता, नजर नातीच्या पोटावर. एक शब्द चुकला असता तर संध्याकाळच्या आत धुळ्याला पोचला असता.

"पोरीला काय धाड भरलीये?" मी खणखणीत आवाजात म्हणाले. "माझं खालून अंग बाहेर येतंय. खोकलं की येतं. दाखवू का?"

अख्खा बाक भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मावशीसुद्धा.

आत सगळं ऐकून डॉक्टरणीने मागची पाळी कधी आली ते विचारलं आणि म्हणाली, "वेळ गेलेली नाही. तीन दिवसांच्या आत घेता येते, पण जितकी लवकर तितकी चांगली. पपईपायी उगाच उशीर केलास. याहून उशीर झाला असता तरी पाच दिवसांपर्यंत तांबी बसवता येते."

"पुढे मूल होईल ना?" नातीने विचारलं.

"होईल की. ही गोळी गर्भ पाडत नाही, बीज बाहेर पडणं लांबवते. पण पूर्ण खात्री कुठल्याच गोळीची नसते. पाळी आठवडाभर लांबली तर तपासणी कर. आणि नेहमीसाठी हिच्यावर राहू नकोस, त्याची साधनं वेगळी आहेत."

गोळी तिथेच घेतली. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची होती. रिक्षा खड्ड्यांतून उडत होती, ती ओठ घट्ट मिटून माझं मनगट आवळत होती आणि मी रिक्षावाल्याला "हळू रे भाऊ, हळू" म्हणत होते. गोळी पोटात राहिली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. ती धुळ्याला मैदानावर धावत होती, इथे फोन वाजला की मी हातातलं टाकून धावत होते. पाळीची तारीख आली, गेली. दोन दिवस फोनच नाही. मी आमटी दोनदा खारट केली. मग एका सकाळी फोनवर नुसतं, "आजी, आली." मी मटकन ओट्यावर बसले. शेजारी पेपर वाचणाऱ्याने विचारलं, "आई, गुडघे का?"

"हो रे बाबा, गुडघेच."

लग्नात विहीणबाईंनी मला खाली बसू दिलं नाही. मावशीने स्वतः खुर्ची आणली, वर दोन उशा. "अक्का, जपा हो." बोहल्यावरून नातीने माझ्याकडे पाहिलं आणि मुंडावळ्यांआड ओठ दाबून धरले.

मी मुद्दाम जोरात खोकले.