कडमतचं पांढरं प्रवाळ

सुरत स्टेशनावर गाडीत शिरताच आबांनी खिडकी पकडली. "मला बघू दे गं, पुढे तूच बस जन्मभर!" असं काहीतरी बोलायचं आणि वर हसायचं. मला मेलं हसूही येईना.

आबा म्हणजे माझे वडील, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये कलर मास्तर. साड्यांच्या छपाईचे रंग जुळवण्यात उभा जन्म गेला. आता डोळ्यांचे पडदे सुकत चालले होते. "आधी कमी उजेडातले रंग जातील, मग सगळेच. फार तर वर्षभर," डॉक्टर म्हणाले होते. मिलमधली पोरं त्यांचा चुकलेला रंग मागून गुपचूप सुधारायची आणि तोंडावर म्हणायची, "मास्तर, एकदम बराबर!" आबांनी ते एकदा पकडलं. दोन दिवस जेवले नाहीत.

कधीतरी एका कॅलेंडरवरच्या प्रवाळावरून त्यांनी साडी काढली होती. ती धो धो खपली, पण यांचं समाधान कुठलं! "छापलेला रंग खोटा असतो. आपणच छापतो, आपल्याला ठाऊक नाही होय?" डोळे आहेत तोवर खरा रंग बघायचा, एवढंच त्यांचं मागणं. मी शाळेतली मास्तरीण. उन्हाळ्याची सुट्टी लागताच त्यांना घेऊन लक्षद्वीपला निघाले.

कोचीहून जहाज. मी ओकून ओकून आडवी झाले. आबा मात्र कठड्याशी उभे राहून पाण्याच्या छटा सांगत होते, "हा मोरपिशी... आता बघ, पोपटी मिसळला!" इतके खुशीत मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

कडमत बेटावर उतरलो. समुद्रात बुडी मारायचे धडे देणारा कासिम तिथलाच; मोडकी हिंदी बोलायचा. दुपारी त्याच्याच घरी जेवलो. नारळाच्या रसातला भात आणि 'मास' (उकडून, धुरी देऊन वाळवलेला कुपा मासा). आबा म्हणाले, "आपल्या सुक्या बोंबलाचा थोरला भाऊ दिसतो हा!"

जेवण झाल्यावर मी कासिमला बाजूला घेतलं. "अंकल की आँखें कमजोर हैं. संभालना. और उनके सामने कुछ बोलना मत." वळून पाहिलं तर आबा आमच्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी होडीतून निघालो. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा. कासिमने आबांचा हात धरला, मी मागे. दोन पुरुष खोल गेलो असू. आणि बघते तर सगळं पांढरं! प्रवाळाच्या फांद्या, गड्डे, झुडपं, ब्लीच करून रंगवायचे राहिलेले ताके पडावेत तसं सगळं पसरलेलं. आबा जवळ गेले. काच पुसल्यासारखा मुखवट्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग त्यांनीच वर चला म्हणून खूण केली.

होडीत आल्यावर मुखवटा काढून ते खाली मान घालून बसले आणि घरच्या अहिराणीत म्हणाले,

"मना डोया गयात व माय." (माझे डोळे गेले गं बाई.)

"आबा, नाही हो! मलाही पांढरंच दिसलं!"

कासिमही कळवळून म्हणाला, "अंकल, सच में सफेद है. इस साल पानी बहुत गरम हुआ, सब मर रहा है. पिछले साल आते तो..." एवढं आधी का नाही बोललास रे बाबा!

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काल सांगून ठेवलंस ना त्याला? मिलमधली पोरंही असंच म्हणतात, एकदम बराबर."

"ही होडी दिसते ना? हा निळा रंग?"

"उन्हात दिसतंय. डॉक्टर काय म्हणाले होते, आधी कमी उजेडातले जातील."

मी रडले, शपथा घेतल्या, भांडलेसुद्धा. ते मलाच समजावत राहिले.

सुरतेला आलो आणि सोमवारी त्यांनी मिलला राजीनामा दिला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रंग अजून नीट दिसतायत. आबा त्यांनाही हात जोडून हसले. समुद्र मेला याचं दुःख मला आहेच, पण माझ्या त्या कुजबुजीबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

डोळे पुढे नऊ महिने चालले. त्या नऊ महिन्यांत रोज सकाळी मी शाळेला निघाले की आबा भर उन्हात दारात उभे राहून, माझ्या साडीकडे टक लावून विचारायचे, "आज कुठला रंग गं?"